मांडीवरचं बाळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्याकडे गाडी असेल, तर तिच्या मागच्या सीटवरच्या बेल्टची बक्कलं आत्ता कुठे आहेत? पट्ट्याबद्दल विचारत नाही, तो बाजूच्या खांबाला लटकलेला दिसतोच. मी विचारतोय ते लाल बटणाचं बक्कल, ज्यात पट्ट्याची पत्र्याची जीभ खट्‌कन अडकते. बऱ्याच गाड्यांत ते सीट कव्हरखाली गाडलं गेलेलं असतं. नवी गाडी घरी आली की आपण तिला हार घालतो, पेढे वाटतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि त्याच आठवड्यात सीट कव्हर बसवून आणतो. कव्हरवाला मागची बक्कलं खाली दाबतो आणि वरून रेक्झिन ताणून बसवतो. दिसायला झकास दिसतं. पुढची आठ-दहा वर्षं त्या बक्कलांना कुणी हात लावत नाही.

मी एकतीस वर्षं पुण्यात वाहनांच्या चाचण्या करण्याच्या कामात होतो. त्यातली बरीच वर्षं माझ्या टेबलावर सीट बेल्टच असायचे. पट्टा यंत्रात अडकवायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. जेमतेम तीन बोटं रुंद असलेली ती पॉलिएस्टरची पट्टी जवळजवळ दीड टन वजनाचा ताण सहन करू शकली पाहिजे, असा दंडक आहे. एखादी पट्टी तुटायची तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज व्हायचा आणि शेजारच्या खोलीतली माणसं दचकायची. सांगायचा मुद्दा असा, की या विषयातलं मला कळत नव्हतं अशी सबब मला नाही. पुढे जे सांगणार आहे ते या पार्श्वभूमीवर ऐका.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या मुलीला न्यू जर्सीत मुलगी झाली. आपल्याकडचे आईबाप जातात तसे आम्ही दोघंही बाळंतपणाला गेलो होतो. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या सुती साड्यांची दुपटी, सगळं सामान बरोबर. तिसऱ्या दिवशी घरी सोडायची वेळ आली तेव्हा परिचारिका आमच्याबरोबर खाली पार्किंगपर्यंत आली. आम्हाला वाटलं, निरोप द्यायला आली असेल. ती आली होती बाळाची खुर्ची गाडीत नीट बसवली आहे की नाही ते बघायला. खुर्चीचं तोंड मागच्या काचेकडे, पाठ ड्रायव्हरकडे. पाच पट्टे: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांच्या मधून. आमच्या हिनं बाळाला जाड दुपट्यात गुंडाळलं होतं. परिचारिकेनं ते हसतहसत सोडवलं, पट्टे अंगालगत घट्ट केले आणि मग दुपटं वरून पांघरलं. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये जाड कपडा असला तर धडकेच्या वेळी तो दबतो आणि पट्टा सैल पडतो, हे मी माझ्या आयुष्यात कितीतरी वेळा लोकांना सांगितलेलं. तिथे मात्र मी गप्प उभा राहून बघत होतो.

हिला ते सगळं फार कठोर वाटलं. तीन दिवसांचं लेकरू, आणि त्याला असं जखडायचं? पण तिकडचा कायदा कडक आहे. न्यू जर्सीत दोन वर्षांखालच्या आणि तीस पौंडांपेक्षा कमी वजनाच्या मुलाला पाठमोऱ्या खुर्चीतच बसवावं लागतं. आठवड्याभरात हिलाही सवय झाली. बाळ खुर्चीत झोपायचं आणि ही शेजारी बसून त्याच्या तळपायावर बोट फिरवायची.

आता पुढचं ऐका. २०१९ च्या डिसेंबरात मुलगी, जावई आणि चौदा महिन्यांची नात भारतात आली. आम्ही दोघं त्यांना आणायला पुण्याहून टॅक्सी करून मुंबईला विमानतळावर गेलो. मोठी सात सीटांची गाडी होती. रात्री एकला विमान उतरलं, सामान घेऊन बाहेर पडायला तीन वाजले. सामानात बाळाची खुर्चीसुद्धा होती. मुलीनं ती मुद्दाम अमेरिकेहून आणली होती. जावई ती मधल्या सीटवर बसवायला गेला, तर बक्कल सापडेना. ते कव्हरखाली होतं. ड्रायव्हर म्हणाला, “काका, कव्हर काढायचं म्हणजे सगळी सीट उचकटावी लागेल. सकाळ होईल. अडीच-तीन तासांचा तर रस्ता आहे.” जावयानं माझ्याकडे पाहिलं. मुलीनंही पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं की घरात या विषयातला जाणकार मी आहे.

मी म्हणालो, “जाऊ दे, आजीच्या मांडीवर घे.”

खुर्ची डिकीत गेली. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. आणि सवयीनं मी माझा बेल्ट लावला.

पहाटे लोणावळा मागे पडलं. थोडं धुकं होतं. कामशेतच्या बोगद्याच्या अलीकडे पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक लावला. आमच्या ड्रायव्हरनंही दाबला. नव्वदच्या वेगातली गाडी बरीच हळू झाली, पण पूर्ण थांबायला अंतर पुरलं नाही. टेम्पोला आदळली तेव्हा वेग वीसेक किलोमीटर असेल. बंपर गेला, रेडिएटर फुटला. एअरबॅग उघडण्याइतकीही धडक नव्हती. अपघातांच्या यादीत जिला कुणी अपघात म्हणणार नाही, अशी. नात हिच्या हातांतून सुटली आणि माझ्या सीटच्या पाठीवर आपटली. तो आवाज मी माझ्या पाठीत ऐकला. ओठ फाटला होता आणि डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डोक्याला टेंगूळ आलं. रुग्णालयात दोन दिवस ठेवून घेतलं, डोक्याचा फोटो काढला, तो सुदैवानं स्वच्छ आला. लहान मुलांची हाडं लवकर जुळतात. तीन-चार आठवड्यांत ती हात वर करून टाळ्या वाजवायला लागली.

सावरली नाही ती तिची आजी. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची: “माझ्या हातातून सुटली. माझा डोळा लागला होता.” जेवताना म्हणायची, रात्री उठून बसून म्हणायची. मुलीनं समजावलं, जावयानं समजावलं. शेवटी एका रात्री मी जुनी वही काढली आणि तिला जवळ बसवून गणित मांडून दाखवलं.

तेच गणित आज तुम्हाला सांगतो. अवघड नाही. गाडी ताशी वीस किलोमीटर वेगानं जात असते तेव्हा आतली माणसंही त्याच वेगानं जात असतात. गाडी कशावर तरी आदळून वीस-एक सेंटिमीटरमध्ये थांबली, तर मांडीवरच्या बाळालाही तेवढ्यातच थांबवायला हवं. ते थांबवण्यासाठी बाळाच्या वजनाच्या आठपट जोर लागतो. नात दहा किलोची होती, म्हणजे ऐंशी किलो. स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर सगळा मिळून तीस किलोच्या आसपास भरतो. तेव्हा अडीच भरलेले सिलिंडर एकदम हातांवर यावेत आणि ते धरून ठेवावेत, असं ते झालं. बरं, हे किती वेळात? एका सेकंदाच्या चौदाव्या भागात. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. “तू टक्क जागी असतीस, पैलवान असतीस, तरी धरू शकली नसतीस,” मी तिला म्हणालो. “वेग पन्नास असता तर हाच आकडा दीडशे किलोच्या वर गेला असता, आणि तेही पुढचं बोनेट चेपून गाडीनं बराचसा धक्का स्वतः खाल्ल्यावर.”

तिनं सगळं शांतपणे ऐकलं. कागदावरचे आकडे पाहिले. मग विचारलं, “हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“मग गाडीत बसताना का नाही सांगितलंत?”

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही. खोळंबा नको, ड्रायव्हरला वाईट वाटायला नको, रात्रीची वेळ, दमलेली माणसं, ही कारणं आहेत, उत्तर नाही. इथे येऊन बोलायचं कबूल केलं ते या प्रश्नामुळेच.

आता थोडं या पट्ट्याविषयी. आपण सगळ्या पट्ट्यांना सीट बेल्ट म्हणतो, पण त्यांच्या जाती वेगळ्या आहेत आणि कुठला पट्टा कुणासाठी हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

सगळ्यात जुना आणि साधा म्हणजे कमरपट्टा. विमानात असतो तो. दोन टोकं, मध्ये बक्कल. तो माणसाला गाडीबाहेर फेकला जाऊ देत नाही, पण धडकेत माणूस कमरेत चाकूसारखा मिटतो. डोकं पुढे आपटतं ते आपटतंच, शिवाय पट्टा पोटावर सरकलेला असेल तर आतडी आणि पाठीचा कणा यांना इजा होते. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटवर मधल्या माणसासाठी अनेक वर्षं हाच पट्टा असायचा. मधली जागा लहान मुलाची असं आपण मानतो, म्हणजे सर्वांत कमजोर पट्टा सर्वांत नाजूक माणसाच्या वाट्याला.

त्यानंतरचा, आपण रोज बघतो तो तीन टोकांचा पट्टा. याची कथा मला फार आवडते. नील्स बोलिन नावाचा स्वीडिश इंजिनिअर साब कंपनीत लढाऊ विमानांच्या खुर्च्या तयार करत असे. विमान पडायला लागलं की वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर उडवणाऱ्या त्या खुर्च्या. तिथे माणसाला चारी बाजूंनी आवळून बांधलं तरी चालतं, वैमानिक तक्रार करत नाही. पुढे तो व्होल्वो या मोटार कंपनीत आला. तिथे त्याच्या लक्षात आलं की घरून ऑफिसला जाणारा साधा माणूस एका हातानं, एका सेकंदात लागणार नाही असा पट्टा लावणारच नाही. त्यानं एकच पट्टा छातीवरून तिरका आणि मांड्यांवरून आडवा नेला आणि दोन्ही भाग सीटच्या बाजूला खाली एकाच ठिकाणी अडकवले. १९५९ साली व्होल्वोच्या गाड्यांत तो आला. कंपनीकडे त्याचं पेटंट होतं, पण ते तिनं इतर कंपन्यांना वापरायला मोकळं ठेवलं. १९६७ मध्ये व्होल्वोनं स्वीडनमधल्या अठ्ठावीस हजार अपघातांचा अहवाल मांडला. त्यात असं दिसलं की पट्टा न लावलेली माणसं अगदी कमी वेगाच्या धडकांतही दगावली होती, आणि पट्टा लावलेलं एकही माणूस ताशी साठ मैलांच्या खालच्या धडकेत दगावलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७० च्या अखेरीस पट्टा लावण्याची सक्ती केली. जगात पहिल्यांदाच.

माझ्या पहिल्या गाडीतला पट्टा आपोआप गुंडाळला जात नसे. लांबी हातानं कमीजास्त करावी लागायची, म्हणून तो कायम सैल असायचा. आता खांबात रीळ असतं. सावकाश ओढलं की पट्टा सुटतो, हिसका दिला की अडकतो. रिळात दोन पहारेकरी असतात: एकाला गाडी एकदम थांबल्याचं कळतं, दुसऱ्याला पट्टा झटक्यानं ओढला गेल्याचं. घरी गेल्यावर एकदा हिसका देऊन पाहा. अडकला नाही तर रीळ बिघडलं आहे, लगेच दाखवून घ्या. नव्या गाड्यांत याच्याही पुढची गोष्ट असते. धडक होताच छोटासा बार उडून पट्टा काही सेंटिमीटर मागे खेचला जातो, म्हणजे सैलपणा जातो. आणि मग छातीवर फार जोर यायला लागला की पट्टा किंचित सुटतो, म्हणजे बरगड्या मोडत नाहीत. हा बार एकदाच उडतो. त्यामुळे मोठा अपघात झालेल्या गाडीचे पट्टे बदलावे लागतात. जुनी गाडी घेताना इंजिन, टायर सगळं पाहणारा आपला जाणकार मित्र हे सहसा विचारत नाही.

पट्टा कसा लावायचा, तर आडवा भाग पोटावर नको, मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर हवा. तिरका भाग गळ्यावर नको आणि खांद्यावरून निसटलेलाही नको, खांद्याच्या मध्यावर हवा. गरोदर बाईनंही पट्टा लावायचाच, मात्र आडवा भाग पोटाच्या खाली आणि तिरका दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूनं. “बाळाला दाबेल” म्हणून पट्टा सोडणाऱ्या कितीतरी लेकी-सुना मी पाहिल्या आहेत. पोटातल्या बाळाचं रक्षण म्हणजे आधी आईचं रक्षण.

आता मुलांकडे येऊ. पुष्कळांना वाटतं, मूल म्हणजे लहान आकाराचा माणूस, त्याला मोठ्यांचा पट्टा आखडून लावला की झालं. तसं नाही. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं, आपलं असतं सातवा-आठवा भाग. एवढं जड डोकं ज्या मानेवर आहे, त्या मानेचे मणके अजून बरेचसे कूर्चेचे असतात. समोरून धडक झाली की अंग पट्ट्यानं थांबतं आणि डोकं पुढे ओढलं जातं. म्हणून लहान बाळाला पाठमोरं बसवतात. मग धडकेचा सगळा जोर खुर्चीच्या पाठीवर पसरतो, डोकं, मान आणि पाठ एकदम थांबतात. ही कल्पनाही स्वीडनमधलीच. बर्टिल आल्डमन या डॉक्टरांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेचे जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून कसे बसतात ते पाहिलं, आणि त्यांना लहान मुलांची खुर्ची सुचली.

थोड्या मोठ्या मुलांची अडचण निराळी. आपल्या कमरेच्या हाडाला पुढे दोन उंचवटे असतात, त्यांच्या खाली पट्टा अडकून राहतो. मुलांत हे उंचवटे दहाएक वर्षांपर्यंत नीट तयार झालेले नसतात. पट्टा सरकून पोटावर येतो. तिरका पट्टा गळ्यावर येतो, तो टोचतो म्हणून मूल काखेखालून घेतं, किंवा आईच त्याच्या पाठीमागे टाकते. मग राहतो तो कमरपट्टा, आणि तो कमरपट्टा पोटावर. यावर उपाय अगदी साधा आहे: मुलाला उंच करा. बूस्टर नावाची बैठक मिळते, ती गादीसारखी दिसते, पण तिला बाजूला पट्टा अडकवायच्या खोबणी असतात. घरची उशी किंवा लोड ठेवून ते काम होत नाही, कारण धडकेत उशी पुढे सरकते आणि मूल पट्ट्याखालून निसटतं. साधारण एकशे पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच फूट उंची होईपर्यंत बूस्टर हवा. बरीच मुलं तेवढी उंची गाठेपर्यंत पाचवी-सहावीत गेलेली असतात. हे ऐकून सगळेच आईबाप हसतात. सहावीतला मुलगा बूस्टरवर बसणार नाही, हे मला मान्य आहे. पण पहिलीतला बसतो.

सारांशानं, बाळ पाठमोऱ्या खुर्चीत, आणि जितके दिवस ती खुर्ची पुरेल तितके दिवस. युरोपातला नवा नियम किमान पंधरा महिने सांगतो, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना खुर्चीच्या मर्यादेपर्यंत म्हणते. नंतर तोंड पुढे केलेली, पाच पट्ट्यांची खुर्ची. मग बूस्टर. मग मोठ्यांचा पट्टा. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना तिथे पाठमोरी खुर्ची ठेवू नका. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते आणि सरळ त्या खुर्चीच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेल्या मुलाचंही तेच. तिथे मूल आपली एअरबॅग होतं, हे वाक्य ऐकायला भयंकर वाटतं, पण मला सौम्य वाक्य सापडलेलं नाही. एकाच पट्ट्यात स्वतःला आणि मुलाला गुंडाळणंही तसंच, मागून मोठ्या माणसाचा सगळा भार मुलावर येतो.

खुर्ची विकत घेताना नारिंगी लेबल पाहा. युरोपच्या चाचणीत उतरलेल्या खुर्चीवर ते असतं आणि त्यावर आर ४४ किंवा आर १२९ हे आकडे असतात. यातला १२९ नवा. आता बहुतेक नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, आयसोफिक्स म्हणतात त्यांना. खुर्ची त्यांत खटाखट बसते, चुकीची बसण्याची शक्यता कमी. कड्या नसतील तरी अडत नाही, बऱ्याच खुर्च्या गाडीच्या तीन टोकांच्या पट्ट्यानं बांधता येतात. बांधल्यावर हलवून पाहा. बोटभरापेक्षा जास्त हलायला नको. आणि खुर्चीलाही मुदत असते, प्लॅस्टिक जुनं होतं. ओळखीच्यांकडून जुनी खुर्ची घेणार असाल तर ती अपघातातून गेलेली नाही, एवढी खात्री करून घ्या.

किंमत? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या गाडीला बहुधा अलॉय व्हील्स असतात. एवढंच बोलून पुढे जातो.

कायद्याचं काय? आपल्याकडे कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि त्यात १९४ ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा मुलांच्या खुर्चीत सुरक्षित बसवलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. हे कलम त्याच वर्षी एक सप्टेंबरला लागू झालं. आमचा अपघात त्यानंतर साडेतीन महिन्यांनी. मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावावा हा नियमही जुना आहे, पण तो बहुतेकांना कळला ४ सप्टेंबर २०२२ ला. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागे बसलं की सुरक्षित, हा समज त्या दिवशी थोडा हलला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबई पोलिसांनी सर्व प्रवाशांना पट्ट्याची सक्ती लागू केली. सरकारी आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात सोळा हजार सातशेहून अधिक माणसं पट्टा न लावल्यामुळे दगावली, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे ड्रायव्हर नव्हते, प्रवासी होते.

पट्टा लावला नाही की गाडी पिपाणीसारखी ओरडते, ही सोय त्यासाठीच केलेली. तर आपण काय केलं? नुसती पत्र्याची जीभ विकायला आणली, ती बक्कलात खोचली की गाडी गप्प. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना आदेश देऊन अशा वस्तूंच्या तेरा हजारांवर जाहिराती काढायला लावल्या. आपल्या हुशारीला दाद द्यावी की काय करावं, कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जिथे एका स्कूटरवर चौघं जातात आणि शाळेच्या रिक्षात दहा मुलं कोंबलेली असतात, तिथे हा माणूस स्वीडनच्या खुर्चीच्या गोष्टी सांगतो आहे. हे बरोबरच आहे. स्कूटरवरच्या मुलांसाठीही नियम आला आहे, २०२३ च्या फेब्रुवारीपासून चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं आणि वेग चाळीसच्या आत हवा. पाळताना मी फारसं कुणाला पाहिलेलं नाही. पण मी आज गाडी असलेल्यांशी बोलतो आहे. ज्यांच्याकडे निवड करायला वाव आहे, त्यांच्याशी. एकाच मुलीला न्यू जर्सीत दुकानापर्यंतच्या दोन मैलांसाठी खुर्ची आणि मुंबई-पुण्याच्या दीडशे किलोमीटरला मांडी, हे आम्ही सुशिक्षितांनी केलं. सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभी असलेली मुलंही स्वस्त गाड्यांत नसतात.

खरी अडचण पैशाची नाही, मायेची आहे. आपल्याकडे मांडी म्हणजे सर्वांत सुरक्षित जागा. बारसं मांडीवर, उष्टावण मामाच्या मांडीवर, कान टोचणं मांडीवर. रडणाऱ्या मुलाला खुर्चीत ठेवून आजी शेजारी नुसती बसून आहे, हे आपल्याला आजी असण्यात कमी पडल्यासारखं वाटतं. मूल रडतं, हे खरं. पहिले तीन-चार दिवस फार रडतं. खुर्ची आधी घरातच ठेवा, तिच्यात बसवून खाऊ द्या, गोष्ट सांगा, मग गाडीत न्या. आणि एकदा सुरुवात केली की अपवाद करू नका. “आज एवढ्यापुरतं” म्हणून एकदा काढलंत की मुलाला कळतं, रडलं की सुटका होते. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, मुलाला पट्टा लावायला शिकवायचा सोपा उपाय म्हणजे आजोबांनी लावणं. मागे बसूनसुद्धा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पट्टा लावल्यानं गाडीतल्या माणसाच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो, आणि तान्ह्या बाळांत खुर्चीमुळे मृत्यू एकाहत्तर टक्क्यांपर्यंत कमी होतात. अर्थात, हिला मी हे आकडे सांगितले नाहीत. आकडे आधीच पुष्कळ झाले होते.

गेल्या दिवाळीत नात पुन्हा आली, सात वर्षांची. गळपट्टीच्या हाडावर बोट फिरवलं तर एक बारीकसा गाठीसारखा उंचवटा लागतो, तिला त्यातलं काही आठवत नाही. बूस्टर तिचा तिनं बॅगेतून आणला होता. विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी आमच्या हिनं टॅक्सीवाल्याला फोन केला. गाडी कुठली, भाडं किती, टोल आमच्याकडे की तुमच्याकडे, यातलं तिनं काही विचारलं नाही. ती म्हणाली, “दादा, मागची बक्कलं कव्हरच्या वर आहेत का? फोटो पाठवा.” त्यानं फोटो पाठवला. दोन वर होती, तिसरं खाली. हिनं त्याला तिसरंही काढायला लावलं, आणि ते काढल्याचा फोटो आल्यावरच गाडी पक्की केली.